पॉइंट टू-टू पिस्तूल घेताना या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात लोकमान्य नगरातले एक काका सकाळी सकाळी रेंजवर आले, ते चिडूनच. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना नेमबाजीचा नाद लागला, रीतसर परवाना काढून त्यांनी एका नेमबाजाचं वापरलेलं .२२ (पॉइंट टू-टू, म्हणजे नळीचा व्यास साधारण ०.२२ इंच) पिस्तूल घेतलं, आणि आता दहा गोळ्यांतल्या तीन सुटत नव्हत्या. "ताई, खराब पिस्तूल गळ्यात मारलं मला," म्हणाले.

न सुटलेली तीन काडतुसं मी उजेडात धरली. पितळी बुडाच्या कडेवर, काडतुसावर आदळणाऱ्या पिनेचा ठसा होता, पण नखानं टोकरल्यासारखा पुसट. पिस्तूल रिकामं केलं, दोघांनी तपासलं, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, टॉर्च मारला. आत करड्या, मेणचट थराचं एक कडं जमलं होतं. ब्रशच्या दहा-बारा फेऱ्या मारल्या, चार चिंध्या काळ्या झाल्या. मग त्याच डब्यातल्या गोळ्या भरल्या. पन्नासच्या पन्नास सुटल्या.

.२२ चं काडतूस रिमफायर असतं. त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, तो कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो. पिन ती कडा चेंबरच्या काठावर चेपते आणि मसाला पेटतो. चेंबरमध्ये मळ असला की काडतूस पूर्ण आत बसत नाही. मग पिनेचा निम्मा जोर त्याला पुढे ढकलण्यातच जातो आणि कडा चेपायला पुरेसा उरत नाही. काकांच्या पिस्तुलात खोट काहीच नव्हती.

इंदुरात बरीच वर्षं नवशिक्यांबरोबर उभी राहून माझं एक मत पक्कं झालंय. स्वस्त आणि भरवशाचं पिस्तूल शोधणारे लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी मॉडेल ठरवतात, मग गोळ्या शोधतात, आणि आपला हात सगळ्यात शेवटी बघतात. क्रम नेमका उलटा हवा.

मॉडेलच्या नावावरून निवड

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. अशा विजयानंतर घरोघरी एकच प्रश्न निघतो, "तिचं पिस्तूल कोणतं?" पण जगज्जेत्याचं पिस्तूल त्याच्या हातासाठी घडवलेलं, त्याच्या गोळीसाठी जुळवलेलं असतं. ते नुसतं विकत घेतलं तर त्यातलं निम्मंच तुमच्याकडे येतं.

दुसरी गल्लत व्हिडिओ बघून होते. अमेरिकेत स्वस्त आणि विश्वासू म्हणून रूगर मार्क फोर, ब्राउनिंग बकमार्क, स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी ही नावं घेतली जातात आणि ती योग्यच आहेत. मात्र तिथल्या डॉलरमधल्या किमतीला रुपयांत गुणून इथलं बजेट बांधू नका. आपल्याकडे परदेशी पिस्तूल थेट आयात करण्याची वाट ठरावीक पात्रता गाठलेल्या नेमबाजांनाच, राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत मिळते. छंद म्हणून सुरू करणाऱ्याला मिळतं ते बहुतेक वेळा वापरलेलं पिस्तूल: जुनं वॉल्थर, हॅमर्ली, कधी पार्दिनी. त्यात वाईट काही नाही. नीट राखलेलं जुनं मॅच (स्पर्धेसाठी बनवलेलं) पिस्तूल कुठल्याही चकचकीत नव्यापेक्षा मी आधी घेईन.

तरी त्या तीन अमेरिकन पिस्तुलांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिन्हींत बॅरल, म्हणजे नळी, जागच्या जागी घट्ट असते, मागचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा भाग) किंवा छोटी स्लाइड (मागेपुढे सरकणारं कवच) तेवढी हलते आणि साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, हलत नाहीत. लष्करी पिस्तुलासारखं दिसणारं, स्लाइडसकट साइट हलणारं छोटं .२२ हातात रुबाबदार वाटतं, पण २५ मीटरवर गोळ्या एका जागी पडाव्यात असं वाटत असेल तर पहिल्या प्रकारची रचना शोधा.

पुढे स्पर्धेचा विचार असेल तर मोजपट्टी आधीच काढा. २५ मीटरच्या रिमफायर प्रकारांत बॅरल जास्तीत जास्त १५३ मिमी, दोन्ही साइटमधलं अंतर २२० मिमी, वजन १४०० ग्रॅम आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅम असा नियम आहे. मार्क फोरचं लांब बॅरलचं कॉम्पिटिशन मॉडेल सुमारे १७५ मिमीचं आहे. ते मजेपुरतं उत्तम, पण स्पर्धेच्या तपासणीत बाहेर राहील.

"पॉइंट टू-टूला कुठे लायसन्स लागतं?"

लागतं. हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की माणसं फसतात. गैरसमजाचं मूळ मला वाटतं शस्त्र कायदा, १९५९ च्या तिसऱ्या कलमात असावं. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी तिथे एक सवलत आहे, पण ती किती शस्त्रं बाळगावीत या मर्यादेपुरती, आणि तीही .२२ रायफल आणि एअर रायफलसाठी. पिस्तुलाचा उल्लेख तिथे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा तीनवरून दोनवर आली. म्हणून तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर कुणाला बयाणा देण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून या. वय किमान २१ हवं. पिस्तुलाचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा.

आणि आपल्या भागात हे स्पष्ट सांगायलाच हवं: कुणी "स्वस्तात आहे, कागदाची भानगड नाही" म्हणत गावठी पिस्तूल दाखवलं तर तिथून निघून या. तो गंभीर गुन्हा आहे. शिवाय ज्या चेंबरचं माप कुणी घेतलेलं नाही, ते तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटू शकतं.

परवाना यायला वेळ लागतो. तो वेळ वाया घालवू नका. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दहा मीटरवर वर्षभर घासून सराव करा. ट्रिगर दाबण्याची जी शिस्त तिथे बसते, तीच पुढे .२२ ला लागते.

वापरलेलं पिस्तूल नुसतं डोळ्यांनी बघणं

ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) किती चमकतंय, लाकडी ग्रिप किती सुंदर आहे, यावर लोक भुलतात. मी सगळ्यात आधी चेंबरचा काठ बघते. रिमफायर रिकामं चालवलं की मध्ये काडतुसाची कडा नसते, त्यामुळे पुष्कळ पिस्तुलांत पिन सरळ चेंबरच्या काठावर आदळते. वर्षानुवर्षं तसं झालं की तिथे खळगा पडतो आणि आतल्या बाजूला धातूचा कंगोरा उठतो. मग खोकी (सुटलेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचं) अडकतात, गोळ्या सुटत नाहीत. कान साफ करायची कापसाची काडी त्या काठावरून हळू फिरवा. धागा अडकला तर थांबा आणि टॉर्चनं नीट बघा. काही पिस्तुलांना ड्राय फायर, म्हणजे असं रिकामं चालवणं, चालतं, काहींना अजिबात नाही. ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मग बॅरल. उजेडाकडे धरून मागून बघा. आत कुठे काळसर अंगठीसारखी सावली दिसली, तर कधीतरी एक गोळी आत अडकली असताना मागून दुसरी झाडली गेली असण्याची शक्यता आहे. तिथे नळी फुगलेली असते. असं पिस्तूल फुकट मिळालं तरी नको.

मॅगझीन किती आहेत हे विचारा, आणि त्यांचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन कडा, दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का ते पाहा. जुन्या मॅच पिस्तुलाचं मॅगझीन शोधत महिनोन्महिने फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. एकाच मॅगझीनवर मिळणारं पिस्तूल मला तरी स्वस्त वाटत नाही.

ट्रिगर वजनानं तपासा. रिकामं पिस्तूल कॉक करून नळी सरळ वर धरायची, ट्रिगरला १००० ग्रॅमचं वजन लावून उचलायचं. ट्रिगर सुटला, तर कुणीतरी आतला भाग घासलाय किंवा स्क्रू फार सैल केलाय. हलका ट्रिगर विकणारा माणूस गुण म्हणून दाखवतो. नवशिक्याच्या हातात तो धोका आहे.

शेवटी ग्रिप, आणि इथे मी स्वतः पैसे घालवलेत. माझं पहिलं पिस्तूल मोठ्या पंजाच्या माणसाचं होतं. ग्रिप सुंदर अक्रोडाची, पण माझं बोट ट्रिगरवर जेमतेम टोकानं पोचायचं. सहा महिने गोळ्या डावीकडे जात राहिल्या आणि मी साइट फिरवत राहिले. साइटचा दोष नव्हताच. बोट सरळ मागे ओढण्याऐवजी तिरकं ढकलत होतं. छोट्या मापाची ग्रिप बसवली आणि आठवड्यात गोळ्या मधे आल्या. पिस्तूल डोळे मिटून हातात धरा, निशाण्याकडे उचला, डोळे उघडा. दोन्ही साइट जवळपास ओळीत दिसायला हव्यात. ग्रिप मोठी असेल तर घासता येते, लहान असेल तर पुट्टीनं भरता येते. पण तो खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

गोळ्यांचा हिशेब न करणं

आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक दिवशी ५० गोळ्या. हा काही फार सराव नाही. तरी वर्षाच्या पन्नास आठवड्यांत ५००० गोळ्या होतात, म्हणजे पन्नासचे शंभर डबे. डब्याच्या भावाला शंभरनं गुणा आणि तो आकडा पिस्तुलाच्या किमतीशेजारी लिहा. माझ्या मते बजेटची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी. परवान्यावर वर्षाला किती काडतुसांची मुभा लिहिली आहे तेही बघा, कारण सराव तेवढाच होणार.

वेगवान गोळी जास्त चांगली, हा समजही सोडा. .२२ एलआरची (लाँग रायफल, म्हणजे हेच नेहमीचं .२२ काडतूस) ४० ग्रेन वजनाची साधी गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगानं जाते, हाय व्हेलॉसिटी त्याहून बरीच वेगानं. मॅच पिस्तुलांच्या स्प्रिंगा साध्या वेगाला जुळवलेल्या असतात. त्यांना रोज वेगवान गोळी दिली की बोल्ट मागे जोरात आपटत राहतो आणि भाग झिजतात. उलट काही छोटी स्लाइडवाली पिस्तुलं साध्या गोळीवर पूर्ण मागेच जात नाहीत. म्हणून तीन प्रकारांचे एकेक डबे घ्या. हात टेकवून दहा-दहा गोळ्यांचे गट काढा आणि किती वेळा अडकलं ते लिहून ठेवा. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं. साधी गोळी टेकवून त्यात बसत असेल आणि अडकत नसेल, तर महागडीवर पैसे घालू नका. मिळाला तर त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांचा, साठा करा.

अडकलं की दोष कुठे शोधायचा

गोळी सुटली नाही: नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. मसाला उशिरा पेटू शकतो. मग काडतूस काढून ठसा बघा. पुसट असेल तर चेंबरचा मळ, पिनेच्या खाचेतली घाण किंवा थकलेली स्प्रिंग. ठसा खोल असूनही सुटली नसेल तर कडेच्या त्या भागात मसाला कमी आहे. असं एखाद्या डब्यात दोन-तीनदा झालं तर गोळ्या बदला.

आवाज फुसका आला: दुसरी गोळी अजिबात झाडू नका. हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवा. पिस्तूल रिकामं करून बॅरल आरपार दिसतंय याची खात्री होईपर्यंत सराव बंद. वर सांगितलेली ती काळी अंगठी अशाच घाईतून येते.

रिकामं खोकं धुराड्यासारखं उभं अडकलं: गोळी कमजोर, मनगट सैल, किंवा खोकं बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मळ. दात घासायच्या जुन्या ब्रशनं ते नख साफ करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

गोळी वर येताना तोंडावर अडकली: मॅगझीन बघा. वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकींत गुंततात. भरताना वरची कडा खालचीच्या पुढे राहील असं बघा. मॅगझीनांवर पेनानं १, २ असे आकडे टाका. मग दोष एकाच आकड्याचा निघतो का ते दोन रविवारांत कळतं.

आमच्याकडे आणखी एक कारण ऋतूचं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी बोल्टवर थापलेलं जाड तेल चिकट होतं आणि मेणाच्या मळात मिसळतं. पहिल्या वीस गोळ्या अडखळत जातात आणि ऊन चढल्यावर सगळं सुरळीत होतं, तर तेल कमी करा. एक थेंब पुसून लावलेला पुरे. पावसाळ्यात मात्र चामड्याच्या पाउचमध्ये पिस्तूल ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि गंज चेंबरपासून सुरू होतो. कोरड्या पेटीत सिलिका जेल घालून, गोळ्या वेगळ्या, दोन्हींना कुलूप.

.२२ चा आवाज लहान वाटतो म्हणून इअरमफ काढून उभे राहणारे दिसले की मी त्यांना लाइनवरून परत पाठवते. कानाला इजा करायला तो पुरेसा आहे. चष्माही तसाच सक्तीचा. आणि रेंजवरून थेट पोहे-जिलेबी खायला जाण्याची आपली रीत आहेच, पण आधी साबणानं हात धुवा. या गोळ्यांचं उघडं शिसं बोटांना लागलेलं असतं.

काकांच्या पेटीत आता एक छोटी वही असते. तारीख, गोळ्यांचा लॉट, किती सुटल्या, काय अडकलं. मागच्या रविवारी त्यांनी ती मला दाखवली. सहा पानं भरली होती आणि अडकल्याच्या रकान्यात दोनच नोंदी होत्या, दोन्ही दोन नंबरच्या मॅगझीनच्या. ते मॅगझीन त्यांनी दुरुस्तीला दिलंय.