घरून ऑनलाइन विक्री: दुकान उघडण्याआधी एक पार्सल बांधून बघा

घरून ऑनलाइन विक्री करायची म्हटलं की बहुतेक जण आधी दुकानाचं नाव ठरवतात, मग लोगो, मग वेबसाइट. त्यात महिना जातो. पहिली ऑर्डर आली की लक्षात येतं, वस्तू मावेल असं खोकं घरात नाही आणि कुरिअरचा खर्च किमतीत धरायचा राहूनच गेला. म्हणून सुरुवात उलट्या टोकाकडून करा. विकायची वस्तू खोक्यात घाला, बांधा, वजन करा, दूरच्या ओळखीच्या माणसाला पाठवा आणि त्याला न उघडता तशीच परत पाठवायला सांगा. जाऊन-येऊन किती पैसे आणि किती दिवस लागले, कोपरे कितपत चेपले, आतली वस्तू हलली का, हे सगळं वहीत लिहा. किंमत, वस्तूची निवड आणि परतीचे नियम या तिन्ही गोष्टी या एका फेरीवर ठरतात.

वस्तू कोणती घ्यावी

पहिली वस्तू लहान, हलकी, न फुटणारी आणि लवकर खराब न होणारी असावी. कपडे आणि पादत्राणं मोहात पाडतात, पण मापाच्या गोंधळामुळे त्यांत परतीचं प्रमाण बरंच असतं. शिवाय ५ मापं आणि ४ रंग म्हटले की एकाच डिझाइनचे २० प्रकार सांभाळावे लागतात. त्यांतले ६ खपतात, १४ पडून राहतात आणि भांडवल तिथेच अडकतं. एक वस्तू, फार तर तीन प्रकार, एवढ्यावर पहिले तीन महिने काढा.

लिथियम बॅटरी असलेली उपकरणं, अत्तरं, नेलपॉलिश, फवाऱ्याचे डबे यांना विमानाने पाठवताना धोकादायक मालाचे नियम लागतात. कुरिअरवाला असं पार्सल नाकारतो किंवा अर्ध्या वाटेत अडकवून ठेवतो. अशी वस्तू विकायची असेल तर माल भरण्याआधी कुरिअर कंपनीकडून लेखी होकार घ्या.

खोकं आणि त्याचं वजन

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. आलेलं उत्तर किलोमध्ये. काही कंपन्या ४००० किंवा ६००० ने भागतात, तेव्हा करार करताना हा आकडा विचाराच.

समजा बांधलेलं पार्सल ६०० ग्रॅमचं आहे. ते ३० × २० × १५ च्या खोक्यात घातलं तर ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारणी असेल तर तुम्ही २ किलोचे पैसे भरता. तीच वस्तू २२ × १६ × १० च्या खोक्यात बसली तर ०.७ किलो, म्हणजे १ किलोचा दर. हातात आलं त्या खोक्यात वस्तू कोंबायची सवय प्रत्येक ऑर्डरमागे अशी महाग पडते. म्हणून खोक्याची दोनच मापं ठरवा आणि ती घाऊक घ्या. आत जास्त भरून खोकं फुगलं तर मोजमाप त्या फुगवट्यावरून होतं, हेही ध्यानात असू द्या.

हलक्या वस्तूला तीन पदरी खोकं पुरतं. जड किंवा नाजूक वस्तूला पाच पदरी लागतं, आणि नाजूक असेल तर सगळ्या बाजूंनी साधारण ५ सेंटिमीटर भरणं हवं. या भरण्याने खोकं मोठं होतं, आकारमानाचं वजन वाढतं. काचेच्या वस्तूंनी सुरुवात करू नका असं आम्ही सांगतो ते यासाठीसुद्धा.

बबल रॅपची फुगीर बाजू वस्तूकडे ठेवा. खोकं बंद करून कानाशी हलवा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर भरणं कमी आहे. चिकटपट्टी मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक लावा. नुसत्या मधल्या पट्टीवर भिस्त ठेवली की कोपरे उघडतात.

मग पाडून बघा. पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा या संस्थेच्या प्राथमिक चाचणीत ९ किलोपर्यंतचं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. घरी हे सहज करता येतं. कोपऱ्यावरची पहिली आपट सगळ्यात वाईट असते. तिच्यात वस्तू वाचली तर बहुधा पुढेही वाचते.

पत्त्याचं लेबल खोक्याच्या सपाट बाजूवर लावा, फटीवर नको. बारकोडवर चकचकीत चिकटपट्टी मारली तर स्कॅनरचा उजेड परावर्तित होतो आणि कोड वाचला जात नाही. थर्मल प्रिंटरचं लेबल ऊन आणि उष्णतेने बिघडतं, म्हणून बांधलेली पार्सलं खिडकीत ठेवू नका. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका. वरचं लेबल फाटलं तर पार्सल तिच्यामुळेच परत सापडतं.

किंमत ठरवताना शंभर ऑर्डरींचा हिशोब

एका नगाचा हिशोब फसवतो, कारण त्यात परतीचा खर्च दिसत नाही. हिशोब शंभर ऑर्डरींचा करा. सोयीसाठी विक्रीकिंमत १०० धरू. मालाचा खर्च ३५, पॅकिंग ५, कुरिअर १४, पैसे जमा करणाऱ्या गेटवेचं शुल्क ३, जाहिरात १५. कागदावर २८ उरतात.

आता शंभरांतल्या ८ ऑर्डरी परत आल्या, आणि परत आलेल्यांतला निम्मा माल पुन्हा विकण्याजोगा नव्हता असं समजा. जमा झाले ९२००. खर्चात माल ९६ नगांचा (९२ विकलेले, ४ बाद), म्हणजे ३३६०. पॅकिंग ५००, जाण्याचं कुरिअर १४००, परतीचं ११२, गेटवे ३००, जाहिरात १५००. बेरीज ७१७२. उरले २०२८, म्हणजे ऑर्डरमागे २० च्या आसपास. यातून इंटरनेट, डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता), वीज, कर आणि तुमचा स्वतःचा वेळ भागवायचा आहे.

याच हिशोबात १० टक्के सूट देऊन बघा. जमा ८२८०, गेटवेचं शुल्क ३० ने कमी, बाकी खर्च तोच. उरतात ११३८. सूट दहा टक्के दिली आणि शिल्लक जवळपास निम्मी झाली! म्हणून ‘सगळे देतात म्हणून सेल’ लावण्याआधी हा तक्ता स्वतःच्या आकड्यांनी भरा. मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या मोठ्या साइटवर, विकत असाल तर त्यांचं कमिशनही यात घाला. गिऱ्हाईक ओढायचं असेल तर दोन नग एकत्र घेण्यावर सवलत देणं जास्त परवडतं, कारण खोकं आणि कुरिअर एकदाच लागतं.

फोटो आणि माहिती

मोबाइल पुरतो. वस्तू खिडकीपाशी ठेवा, पण थेट ऊन पडू देऊ नका. खोलीतले दिवे बंद करा. दिव्याचा आणि बाहेरचा उजेड मिसळला की पांढरा रंग एका बाजूला पिवळा आणि दुसरीकडे निळसर दिसतो, आणि मग ‘फोटोतला रंग वेगळा होता’ म्हणून वस्तू परत येते. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा जाड कागद उभा केला की सावली मवाळ होते. फार जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत वस्तूच्या कडा ताणल्या जातात. दोन पावलं मागे सरा आणि २× झूमवर काढा.

पाच फोटो हवेत: समोरून, मागून, जवळून पोत दिसेल असा, हातात धरून आकार कळेल असा, आणि खोक्यात काय काय येतं ते एकत्र मांडून. हातातला फोटो लोक गाळतात, आणि मग ‘एवढीशीच आहे का?’ हा प्रश्न रोज येतो. माहितीत मापं सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, कशाची बनली आहे, कशी धुवायची किंवा पुसायची, आणि काय सोबत येत नाही, तेही लिहा.

विकायचं कुठे

मार्केटप्लेसवर गिऱ्हाईक आयतं मिळतं, पण ते गिऱ्हाईक त्यांचं असतं, आणि खातं एका ईमेलवर बंद होऊ शकतं. स्वतःच्या साइटवर गिऱ्हाईक आणायला वेळ लागतो. आमचा सल्ला असा की मार्केटप्लेसवर सुरुवात करून वस्तू खपते का ते बघा आणि त्याच वेळी स्वतःचं डोमेन घेऊन ठेवा. डोमेन तुमच्याच नावावर नोंदवा, साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नको. नूतनीकरण आपोआप होईल असं लावा.

डोमेनवरून ईमेल पाठवणार असाल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, घाला; ईमेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला हे त्या दाखवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले आहेत. या नोंदी नसल्या की बिलाचा ईमेलसुद्धा स्पॅममध्ये जाऊ शकतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं, पैसे बुडाले.

जाहिरात पहिल्या वीसेक ऑर्डरी ओळखीतून आणि त्यांच्या ओळखीतून आल्यावरच सुरू करा. साइटवर आलेल्या शंभरांतले एक ते तीन जण खरेदी करतात, हे सर्वसाधारण प्रमाण धरून चाला. दोन धरले तर एका ऑर्डरला ५० क्लिक लागतात. वरच्या हिशोबात जाहिरातीला १५ ठेवले आहेत, म्हणजे एका क्लिकला विक्रीकिमतीच्या ०.३ टक्क्यांहून जास्त परवडत नाही.

पैसे आणि फसवणूक

धंद्याचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. गेटवेचे पैसे विक्रीनंतर काही दिवसांनी जमा होतात आणि मालवाल्याला मात्र आधी द्यावे लागतात, म्हणून निदान दोन आठवड्यांच्या मालाचे पैसे हाताशी असावेत.

माल हलवायचा तो खात्यात रक्कम दिसल्यावरच. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, तो दोन मिनिटांत बनवता येतो. ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ असा निरोप आला की आधी खातं तपासा. पैसे मिळवण्यासाठी तुम्हालाच कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला कोणी सांगितलं तर संभाषण तिथेच संपवा. दुकान, ईमेल आणि बँक या तिन्ही खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. तिचे सुटकेचे (बॅकअप) कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण फोन हरवला की तेच दार उघडतात.

रोजचं काम

ऑर्डर घेण्याची वेळ ठरवा. दुपारी बारापर्यंत आलेली ऑर्डर आज, नंतरची उद्या, आणि हे साइटवर ठळक लिहा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लेबलांची अदलाबदल, आणि ती घाईच्या दिवशी होते. टेबलावर सात बंद खोकी एकसारखी दिसतात, शेजारी सात लेबलं छापून पडलेली असतात, तेवढ्यात दाराची बेल वाजते. परत आल्यावर निळी वस्तू हवी असलेल्याचं लेबल लाल वस्तूच्या खोक्यावर बसतं. दोन गिऱ्हाईकं नाराज, चार फेऱ्यांचं कुरिअर. याला एकच उपाय लागू पडतो: एक लेबल छापायचं, तीच वस्तू काढायची, लेबल शेजारी ठेवून उघड्या खोक्याचा फोटो घ्यायचा, बंद करून लेबल लावायचं, आणि मगच दुसरं छापायचं. तो फोटो निदान चार महिने जपा. ‘खोकं रिकामं आलं’ अशी तक्रार आली किंवा गिऱ्हाईकाने बँकेमार्फत पैसे परत मागितले, तर पोहोचल्याच्या नोंदीसोबत तो उपयोगी पडतो.

माल जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. कागद आणि कापड स्वयंपाकाचा, धुराचा वास धरतात, घरात मांजर-कुत्रं असेल तर केस चिकटतात. बंद प्लास्टिकच्या पेट्या आणि सिलिका जेलच्या पुड्या दोन्ही गोष्टी टाळतात, ओलसुद्धा. घराच्या विम्यात धंद्याचा माल पुष्कळदा धरलेला नसतो, तेही विचारून घ्या. राहत्या घरातून धंदा करायची परवानगी आणि कराची नोंदणी यांचे नियम जागेप्रमाणे बदलतात. तिथल्या कर सल्लागाराशी एक तासाची भेट पहिल्या विक्रीआधीच करून टाका.

माल पुन्हा कधी मागवायचा हे मनावर सोडू नका. रोज सरासरी ३ नग जात असतील आणि माल यायला १२ दिवस लागत असतील तर ३६ नग त्या वाटेतच संपतात. मालवाल्याला पाच दिवस उशीर होईल असं धरून आणखी १५ ठेवा. साठा ५१ वर आला की मागणी नोंदवा. दोन ठिकाणी विकत असाल तर साठ्यातले शेवटचे दोन नग कुठेच विक्रीला दाखवू नका, म्हणजे एकाच वेळी दोन ऑर्डरी आल्या तरी नकार द्यावा लागणार नाही.

परत आलेली वस्तू त्याच दिवशी उघडून तीन ढिगांत टाका: नव्यासारखी, किरकोळ डाग असलेली, बाद. सोबत कारण लिहा. महिनाअखेरीस ही कारणं वाचा. ‘रंग वेगळा’ जास्त दिसलं तर फोटो बदला, ‘लहान वाटली’ जास्त दिसलं तर हातातला फोटो पहिल्या क्रमांकावर आणा, ‘तुटलेली आली’ म्हटलं असेल तर पुन्हा टेबलावरून पाडून बघा. आणि एखाद्या प्रकाराच्या शंभरांतल्या पंधरा ऑर्डरी परत येत असतील, तर वरचा तक्ता त्या प्रकारासाठी वेगळा मांडा आणि शिल्लक उरत नसेल तर तो यादीतून काढून टाका.