साथ आणि धंदा एकाच वहीत मांडताना

इंदूरच्या सियागंजात घाऊक किराण्याच्या पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय. बी.एस्सी.ला असलेली भाची परवा म्हणाली, "मामा, रोगाची साथ कशी पसरते याचं गणिती मॉडेल करायचंय. त्यात धंदा कसा घालू?" तिला शेजारी बसवून जे दाखवलं, तेच लिहितो.

एक्सेलमध्ये तीन रकाने घ्या: अजून लागण न झालेले, आजारी, बरे झालेले. ही मांडणी करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश शास्त्रज्ञांची, १९२७ सालची. वस्ती १००० धरा, आजारी १. रोजचे नवे आजारी = ०.३ × लागण न झालेले × आजारी ÷ १०००. रोज बरे होणारे = आजाऱ्यांच्या ०.१ पट. सूत्रं खाली ओढा. साथ ऐन भरात असताना सुमारे ३०० जण एकाच वेळी आजारी दिसतील.

चौथा रकाना, बाजार किती चालू. पूर्ण म्हणजे १. इथे चूक हमखास होते: बाजार ०.७ केला की लागणही ०.७ पट धरतात. अहो, दुकानदारही ७० टक्के आणि गिऱ्हाईकही ७० टक्के, मग गाठी पडणार ०.७ × ०.७, म्हणजे ०.४९. म्हणून लागणीच्या सूत्राला बाजाराच्या आकड्याचा वर्ग लावा. ३००चे ६०च्या आसपास होतात. पाचवा रकाना उत्पादनाचा: बाजार × (१००० − आजारी). बाजार पूर्ण उघडा ठेवूनही ऐन साथीत ७००च्या आसपासच हाती लागतात, हे पाहून भाची गप्प झाली.

मात्र बाजाराचा आकडा हाताने भरू नका. मी तिच्यापुढे मार्च २०२०ची रोजकीर्द उघडली. टाळेबंदी २५ तारखेची. पण त्याआधीच्या आठवड्यातच डाळ-साखरेची बिलं दुप्पट झालेली आणि लग्नघरांच्या काजू-वेलचीच्या ऑर्डरी एकामागून एक खोडलेल्या. माणसं हुकमाआधी घाबरतात. तेव्हा बाजार = १ − भीती × कालचे आजारी ÷ १०००. भीतीचा आकडा १ पासून ३ पर्यंत बदलून बघा.

धंदेही वेगळे करा. २०२०च्या एप्रिल-जून तिमाहीत सरकारच्या पहिल्या अंदाजानुसार देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटलं, बांधकाम ५०.३ टक्क्यांनी, शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. एका सरासरीत हे सगळं बुडून जातं. भाचीने डाळीला भीती ०.५ लावलीय, वेलचीला ३.