मंडळीच्या अभ्यासवर्गात समलैंगिकता आणि राजकारण हा विषय कसा हाताळावा

न्यायालयाचा एखादा निकाल वर्तमानपत्रात आला किंवा निवडणूक तोंडावर आली, की रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात तेच प्रश्न पुन्हा निघतात. समलैंगिकांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्या उमेदवाराला ख्रिस्ती माणसाने मत द्यावे काय? अशा संबंधांना कायद्याने संरक्षण मिळत असेल तर मंडळीने, म्हणजे चर्चने, विरोध नोंदवावा काय? पाळकांनी पुलपीटवरून यावर बोलावे की मौन बाळगावे? बहुतेक ठिकाणी दोन-चार आवाज चढतात, कोणीतरी एक वचन म्हणून दाखवतो आणि विषय तिथेच मिटतो. बायबल अभ्यासवर्ग घेता घेता मला जी पद्धत उपयोगी पडली, ती येथे देत आहे. हा विषय एका बैठकीत संपत नाही, म्हणून किमान तीन बैठका ठरवाव्यात आणि तसे आधीच जाहीर करावे.

पहिल्या बैठकीत कोणतेही वचन वाचण्यापूर्वी फळ्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात पवित्र शास्त्र काय शिकवते हा प्रश्न लिहावा, दुसऱ्यात मंडळीने आपल्या सभासदांशी कसे वागावे हा, आणि तिसऱ्यात राज्यसंस्थेने कोणती गोष्ट दंडनीय ठरवावी व कोणाला कोणते संरक्षण द्यावे हा. मग उपस्थितांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याकडूनच योग्य रकान्यात लिहून घ्यावा. ‘हे पाप आहे काय’ हा पहिल्या रकान्यातला प्रश्न आहे, ‘अशा व्यक्तीला प्रभुभोजन द्यावे काय’ हा दुसऱ्यातला, आणि २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७७, ज्याखाली समलैंगिक संबंध गुन्हा ठरत होते, हा तिसऱ्यातला. आपल्याकडे गोंधळ होतो तो एवढ्याचमुळे, की पहिल्या रकान्यातले उत्तर लोक सरळ उचलून तिसऱ्यात नेऊन ठेवतात.

हे पटवून देण्यासाठी दोन उदाहरणे पुरतात. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचा फौजदारी गुन्हा रद्द केला, परंतु म्हणून व्यभिचार आता पाप राहिला नाही असे कोणत्याही मंडळीने शिकवले नाही. दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. दहा आज्ञांतील पहिली आज्ञा इतर देवांची उपासना करू नये अशी आहे, पण ती पोलिसांकरवी पाळून घ्यावी असे आपल्यापैकी कोणी कधी म्हणत नाही, कारण ज्या राज्यात धर्माची आज्ञा पोलीस राबवतात, त्या राज्यात अल्पसंख्य मंडळीची उपासना टिकत नाही, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे.

शास्त्रपाठासाठी दुसरी संपूर्ण बैठक राखून ठेवावी. प्रत्येकाला दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे आणायला सांगावीत, कारण करिंथकरांस पहिले पत्र ६:९ मधील अधर्म्यांच्या यादीत आलेले दोन ग्रीक शब्द, ‘मालाकोई’ आणि ‘आर्सेनोकोइताय’, वेगवेगळ्या अनुवादकांनी वेगवेगळ्या रीतीने मांडलेले आहेत. पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मऊ’ असा आहे, आणि दुसरा, हे पत्र लिहिणाऱ्या पौलापूर्वीच्या कोणाच्याही ज्ञात लेखनात आढळत नाही. तो त्याने पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये असे सांगणाऱ्या लेवीय १८:२२ व २०:१३ या वचनांच्या ग्रीक भाषांतरातील शब्दांवरून घडवला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पंडिता रमाबाईंनी साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या, याची आठवण येथे आवर्जून करून द्यावी. एका शब्दापाशी थांबून विचार करणे ही आपल्या मराठी मंडळीचीच जुनी रीत आहे.

समलैंगिकतेविरुद्ध नेहमी सांगितली जाणारी सदोम नगराच्या नाशाची कथा (उत्पत्ती १९) वाचली, तर तिच्या जोडीला यहेज्केल १६:४९ वाचावे. तेथे सदोमाचा अपराध म्हणून गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबांना हात न देणे यांचा उल्लेख आहे. विवाहाविषयी मत्तय १९:४-६ वाचावे, पण बाराव्या वचनापूर्वी थांबू नये, कारण तेथे प्रभू येशू विवाहाच्या चौकटीबाहेर राहणाऱ्या नपुंसकांविषयी बोलतो. त्यापुढे यशया ५६:३-५ मधील नपुंसकांना दिलेले अभिवचन आणि प्रेषितांची कृत्ये ८ मधील नपुंसक कूशी अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा ओघानेच येतो. आणि समलैंगिक संबंधांचा निषेध ज्यात येतो तो रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचला, तर दुसऱ्या अध्यायाचे पहिले वचन त्याच दमात वाचलेच पाहिजे. अध्यायांची विभागणी पौलाने केलेली नाही, आणि ‘दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा’ असे म्हणून त्याने वाचकाकडे वळवलेले बोट हा त्याच युक्तिवादाचा शेवट आहे.

यावर मी एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. हा विषय मी पहिल्यांदा घेतला तेव्हा वेळ संपत आला म्हणून पहिल्या अध्यायाच्या शेवटी बायबल मिटले आणि समारोपाची प्रार्थना केली. शेवटच्या बाकावर युवक संघातला एक मुलगा ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची पुस्तके गोळा करून एकावर एक रचत होता. पुढच्या रविवारी तो आला नाही, नंतरही आला नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या शहरातून त्याचा फोन आला, आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, “काका, तुम्ही पुढचं एक वचन वाचलं असतं, तर मी थांबलो असतो.” मी फक्त त्याची क्षमा मागितली.

या बैठकीत मतभेद लपवू नयेत. रोमन कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद २३५७ ते २३५९ पूर्ण वाचावेत. समलैंगिक कृतींना चर्च मान्यता देऊ शकत नाही असे ते सांगतात, आणि त्याच ठिकाणी अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकारावे, अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असेही सांगतात. लोक आपल्या सोयीप्रमाणे यातला एकच भाग पाठ करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही दोन्ही बाजूंनी प्रामाणिक विश्वासणारे आहेत. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने लैंगिक अल्पसंख्याकांविषयी मंडळ्यांशी संवादाचे काम केले आहे, त्याचा उल्लेख करावा. वर्ग घेणाऱ्याने आपले मत विचारल्यास सांगावे, पण शेवटी. माझे मत असे, की ख्रिस्ती विवाहविधी स्त्री-पुरुषांचा आहे, आणि तरीही तिसऱ्या रकान्यातले माझे उत्तर त्यावरून ठरत नाही.

तिसरी बैठक कायद्याची. येथे इतिहास थोडक्यात पण नेमका सांगावा, कारण पुष्कळांना कलम ३७७ ही भारतीय परंपरेची किंवा बायबलची थेट देणगी वाटते. हा गुन्हा इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, धर्मन्यायालयांकडून काढून राजाच्या न्यायालयांकडे दिला गेला. मेकॉलेच्या समितीने १८३७ मध्ये भारतासाठी दंड संहितेचा मसुदा केला, संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधाला तीत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. खुद्द इंग्लंडने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषांमधील खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले, तेव्हा कॅन्टरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी त्या सुधारणेला पाठिंबा दिला होता. ती कृती नैतिक आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. प्रत्येक पाप हा गुन्हा ठरवणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते हे कलम निष्प्रभ केले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, ही गोष्ट वर्गात लपवू नये. ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरला, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलैंगिक विवाहाला विरोध कायम ठेवूनही, समलैंगिक व्यक्तींना कॅथलिक चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे स्पष्ट सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्यात एकमताने हे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही समलैंगिक असणे हा गुन्हा नाही, असे एका मुलाखतीत म्हटले.

यानंतर मी वर्गाला हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल समजावून सांगतो, आणि या बैठकीतला जास्तीत जास्त वेळ त्याला देतो. त्या राज्याच्या धर्मांतरविषयक कायद्यानुसार धर्म बदलणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना आधी सूचना देणे बंधनकारक होते. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया या ख्रिस्ती संघटनेने त्याला आव्हान दिले, आणि आपली श्रद्धा गुप्त ठेवण्याचाही माणसाला अधिकार आहे, असे म्हणून न्यायालयाने ती अट रद्द केली. खासगीपणाचा हाच अधिकार २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मूलभूत ठरवला, आणि त्याच पायावर पुढच्या वर्षी कलम ३७७ चा निकाल उभा राहिला. म्हणजे बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या दारातून ज्या तत्त्वाने सरकारी अधिकाऱ्याला मागे फिरवले, तेच तत्त्व समलैंगिक माणसाच्या दारातही उभे आहे. आपल्या दारापुरते ते मागायचे आणि शेजाऱ्याच्या दारातून काढून घ्या म्हणायचे, हे ‘लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच त्यांच्याशी वागा’ या प्रभूच्या वचनात कसे बसते, हा प्रश्न विचारून थोडा वेळ शांत राहावे. घाईने उत्तर देऊ नये.

विवाहाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवावा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. सुनावणी मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्याभोवती झाली. चर्चमधील विवाह ज्या १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतात, त्याला हात लागला नाही, त्यामुळे ‘उद्या आमच्या पाळकांना असे लग्न लावायला भाग पाडतील’ या भीतीला त्या खटल्यात आधार नव्हता. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीसमोर साध्या संसारातल्या गोष्टी होत्या, आणि २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते, खात्यासाठी नॉमिनी नेमणे, शिधापत्रिका अशा बाबतीत सूचनाही निघाल्या. वर्गाला विचारावे : वीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एक रुग्णालयात मरण पावला, आणि दुसऱ्याला देह ताब्यात घेता येत नाही, तर ख्रिस्ती मतदार म्हणून आपण कोणाच्या बाजूला उभे राहू? माझ्या अनुभवात विवाहाच्या प्रश्नावर ठाम विरोध असलेली माणसेही येथे विचारात पडतात, आणि तसे पडणे चांगले आहे.

उमेदवाराविषयी सल्ला देताना नियम पाळावेत. १९८८ च्या कायद्याने धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरण्यास मनाई आहे, आणि धर्माच्या नावावर मत मागणे हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरते. म्हणून वर्गात पक्षाचे किंवा उमेदवाराचे नाव घेऊ नये. मतदाराने एका मुद्द्यावर माणूस तोलू नये, एवढे सांगणे पुरेसे आहे. पाणी, रोजगार, दलित ख्रिस्ती बांधवांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रार्थना सभांवरचे हल्ले, हे सर्व त्याच तराजूत आहे.

तीनही बैठकांत एक गोष्ट गृहीत धरून बोलावे, की ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत तो किंवा ती याच खोलीत बसलेली आहे. ‘ते लोक’ हा शब्दप्रयोग सुरुवातीलाच थांबवावा. कोणालाही उभे राहून साक्ष देण्याचा आग्रह करू नये. प्रार्थनेने किंवा उपचाराने ‘बरे करण्याचे’ आश्वासन तर मुळीच देऊ नये. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांची संघटना समलैंगिकतेला आजार मानत नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, आणि अमेरिकेत याच कामाला वाहून घेतलेली एक्झोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था २०१३ मध्ये दुखावलेल्यांची क्षमा मागून बंद झाली. एखादी आई नंतर बाजूला घेऊन ‘माझ्या मुलासाठी प्रार्थना करा’ म्हणाली, तर जरूर प्रार्थना करावी, पण त्याला घरातून काढू नका आणि त्याच्या लग्नाची घाई करू नका, हे त्याच वेळी सांगावे.

शेवटच्या प्रार्थनेनंतर लगेच निघून जाऊ नये. सभागृह रिकामे होईपर्यंत थांबावे, आणि कोणी पुस्तके रचत रेंगाळत असेल तर काही न विचारता त्याच्याबरोबर पुस्तके रचावीत.