ठाण्यात प्रवासाचा डेटा शिकवायला बसण्याआधी : तयारीची यादी

शहरातली माणसं कुठून कुठे, कधी आणि कशाने जातात याचा डेटा पीएचडी करणाऱ्या मुलांना हाताळायला शिकवायचा, अशी पाच दिवसांची कार्यशाळा मी ठाण्यात यंदा तिसऱ्यांदा घेतेय. ऐरोलीच्या एका मैत्रिणीने, तीही शिकवतेच, माझी यादी मागितली. यादी वहीच्या मागच्या पानावर होती, निम्मी खोडलेली, कोपऱ्यात चहाचा डाग. तीच इथे सलग लिहून काढते. मुलं वीस धरली आहेत. त्याहून जास्त घेऊ नयेत, मागची रांग नुसती मान उंच करून बघत बसते.

पहिली वस्तू म्हणजे परीक्षेची पॅडं. वर चाप असलेली, दहावीला घेतलेली, घरात कुठेतरी माळ्यावर असतातच. वीस गोळा करा, कारण पहिली सकाळ वर्गात नसते. साडेसातला सगळ्यांनी स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसच्या, म्हणजे बससाठी बांधलेल्या उंच डेकच्या, खाली शेअर रिक्षाच्या रांगेपाशी जमायचं. दोघादोघांच्या जोड्या, एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. पाच-पाच मिनिटांचे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. रिक्षा किती सुटल्या आणि आत माणसं किती, एवढंच. दहा मिनिटं होतात न होतात तोच कुणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, पुढे ड्रायव्हरशेजारी बसलाय तो धरायचा का?" कायद्याने रिक्षात प्रवासी तीन. चौथा बसतो तो अर्धा बाहेर, एक हात वरच्या दांडीला, बॅग मांडीवर. मी उत्तर देत नाही, तुम्हीच ठरवा म्हणते. एक जोडी त्याला धरते, दुसरी सोडते, तिसरी अर्धा तास सोडून मग धरायला लागते. दुपारी आकडे फळ्यावर मांडले की एकाच रांगेच्या तीन बेरजा होतात आणि तिन्ही जोड्या आपापल्या जागी बरोबर असतात. पुढचे चार दिवस कुठलीही फाइल उघडली की मी हेच विचारते, यात चौथा कुठाय?

या सकाळीसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र हवं, प्रत्येक जोडीकडे एक प्रत, आणि आदल्या दिवशी वाहतूक पोलिसांच्या चौकीत कळवून यायचं. पॅड घेऊन उभी असलेली माणसं दिसली की रिक्षावाल्यांचा पहिला प्रश्न असतो, "आरटीओतून आलात का?" कॉलेजचा अभ्यास आहे, नंबर लिहून घेत नाही, हे मुलांना नीट सांगता आलं पाहिजे. आणि नंबर खरंच लिहायचे नाहीत. त्याचं कारण खाली येईल. पावसाळ्यात घेत असाल तर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि शाईचं पेन नको, पेन्सिल.

आता फाइली. सुरुवातीच्या दोन दिवसांत ठाण्याचाच डेटा हवा असा हट्ट धरू नये. वेळापत्रकासाठी दिल्लीच्या बसचा खुला डेटा घ्या, तो २०१८पासून उपलब्ध आहे. तो जीटीएफएस नावाच्या साच्यात असतो. २००५मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांनी मिळून हा साचा तयार केला. सुरुवातीला त्यातला 'जी' गूगलचा होता, पुढे तो 'जनरल'चा झाला. आत साध्या मजकुराच्या फाइली असतात : थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्याची वेळ आणि कॅलेंडर. त्यात एक गंमत आहे जी आधी सांगून ठेवायची नाही. मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी आदल्या दिवसाच्या सेवेत मोजायची असेल तर रात्री १:१०ची वेळ २५:१० अशी लिहिलेली असते. निम्मी मुलं ती ओळ चूक समजून उडवतात. उडवू द्या, मग शेवटची बस कुठे गेली ते विचारा. आपल्याकडे रात्री एकची कर्जत लोकलही बोलताना कालचीच असते.

माणसांच्या मागासाठी, म्हणजे माणूस कुठून कुठे गेला त्या ठिपक्यांच्या रांगेसाठी, जिओलाइफ घ्या. मायक्रोसॉफ्टच्या बीजिंगमधल्या संशोधकांनी जमवलेला, १८२ जणांचा, २००७ ते २०१२ या काळातला जीपीएस डेटा आहे, फुकट मिळतो. शिकवायला सोन्यासारखा, कारण त्यात खाचा भरपूर आहेत. उंची फुटांत आहे, जिथे उंची मिळाली नाही तिथे उणे ७७७ लिहिलंय, आणि वेळ ग्रीनिचची. पहिल्या वर्षी मी हे मुलांना सांगायचं विसरले आणि खरं सांगायचं तर स्वतःही तपासलं नव्हतं. एका हुशार मुलाने बीजिंगमध्ये मध्यरात्री कामावर जाणाऱ्यांची गर्दी उसळते यावर बारा स्लाइडचं सादरीकरण केलं. रात्रपाळीच्या कामगारांवर एक उतारासुद्धा होता, छान लिहिलेला. बीजिंगचे सकाळचे आठ म्हणजे ग्रीनिचचे रात्रीचे बारा. आपलंही तसंच, साडेपाच तासांचा फरक आहे. ठाण्याची ८:४२ची फास्ट फाइलमध्ये ३:१२ला दिसली तर कुणी दचकू नये. तेव्हापासून वर्गात दोन घड्याळं लावते, एक आपलं आणि एक ग्रीनिचचं. दुसरं स्वस्तातलं आहे, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. राहू देते, तेही डेटातलंच दुखणं आहे.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल हा दुसरा नेहमीचा अपघात. ठाणे साधारण १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व. कॉलम उलटे पडले की ठाण्याचा तीन हात नाका नॉर्वेच्या उत्तरेला, थंड समुद्रात जाऊन पडतो. तो नकाशा छापून भिंतीवर लावलाय, त्याने जेवढं समजतं तेवढं तासभर बोलून समजत नाही. अंतर काढताना अंशांत काढू नये हेही त्याच वेळी उरकून घ्या. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर आणि अक्षांशाचा सुमारे १११, त्यामुळे गोल काढायला गेलं तर अंडं निघतं. मीटरमध्ये काम करायचं तर यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत, तिचा ४३ उत्तर हा पट्टा आपला.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला खुला, घ्या आणि तो कुठल्या तारखेला उतरवला हे फाइलच्या नावातच घाला. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचं काम, वळवलेले रस्ते, यामुळे मागच्या वर्षीचा नकाशा आजच्या मागाशी जुळेलच असं नाही. शिवाय मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चारपाच मीटर इकडेतिकडे करतं. उंच इमारतींच्या मध्ये आणि पुलाखाली तर विचारूच नका. सर्व्हिस रोडवर रखडलेली रिक्षा संगणक खुशाल मुख्य रस्त्यावर नेऊन ठेवतो. सॅटिसवर आणखी मजा, वर टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची, बस, खाली रिक्षा, आणि दोघांचे अक्षांश-रेखांश एकच. म्हणून पहिल्या सकाळी मुलांना दहा मिनिटं वर डेकवरही उभं करा. ज्याने ते पाहिलंय तो नंतर ठिपक्यांच्या त्या गुंत्याला गोंगाट म्हणून पुसत नाही.

पुसण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मुलं सगळ्यात जास्त डेटा इथेच गमावतात. साफसफाई शिकवताना वेग शून्य आलेल्या ओळी काढून टाकायची सवय पुस्तकांतून लागते. संध्याकाळी सातला कापूरबावडीपाशी वेग शून्यच असतो. पुढचं म्हणजे 'थांबा' कशाला म्हणायचं. सर्रास वापरला जाणारा नियम असा, की माणूस दोनशे मीटरच्या आत वीस मिनिटं राहिला तर तो तिथे मुद्दाम थांबला असं धरायचं. हा नियम घोडबंदर रोडवर गायमुखच्या कोंडलेल्या घाटाला लावून बघा. शेकडो लोक रोज संध्याकाळी घाटात काहीतरी कामाला थांबतात असं उत्तर येतं. मग वीसची मर्यादा चाळीस करायची का? केली तर मुलाला शाळेत सोडणारी आई नकाशावरून गायब होते. यावर एक अख्खी दुपार राखून ठेवा. उत्तर निघत नाही, पण प्रबंधात ती मर्यादा का निवडली हे लिहायला शिकतात, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

लोकलच्या तिकिटांचा डेटा मिळाला तर फार हुरळून जाऊ नका. लोकलला ना आत शिरताना फाटक, ना बाहेर पडताना. पासवाला महिन्यात किती वेळा गेला, डोंबिवलीचा पास काढून ठाण्याला उतरला का, काहीच कळत नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा डब्यांत सुमारे चारशे पाहुणे होते, निमंत्रित असल्यामुळे मोजता आले. याच्या उलट उदाहरण म्हणून नवी मुंबईची मेट्रो घ्या. बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झाली, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे फाटक. कुठून-कुठेचा तक्ता ११ बाय ११चा, कर्ण, म्हणजे जिथून निघाला तिथेच उतरल्याच्या चौकटी, सोडला तर ११० जोड्या. हा तक्ता संगणकावर करायचा नाही, चौकटीच्या वहीवर करायचा, खोडरबरासकट. आकडे शिकवण्यासाठी आपणच बनवायचे आणि ते बनवलेले आहेत हे वर ठळक लिहायचं. एकाने हौसेने ते शोधनिबंधात टाकायची तयारी केली होती, थोडक्यात वाचलो.

जनगणनेचे आकडे वापरायचे तर २०११चा ठाणे जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. तेव्हा १ कोटी १० लाखांवर लोकसंख्येचा तो देशातला सर्वात मोठा जिल्हा होता, वसई, पालघर, डहाणू सगळं त्यात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. नव्या सीमेचा नकाशा आणि जुना आकडा एकत्र आले की दरडोई काहीही काढा, चुकणारच.

भिंतीवर एक कालनिर्णयही हवं. मेगाब्लॉकचे रविवार, दहीहंडी, शाळांच्या सुट्ट्या आणि पाणी तुंबलेले दिवस पेन्सिलीने खुणावून ठेवा. नवरात्रात टेंभी नाक्याच्या आसपासचा माग वाकडा दिसतो तो यंत्रामुळे नव्हे, देवीमुळे, हे बाहेरगावच्या मुलांना कसं कळणार?

आता नंबर का लिहायचे नाहीत ते. न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा २०१३चा डेटा, १७ कोटींवर फेऱ्या, २०१४मध्ये बाहेर आला तेव्हा परवान्यांचे नंबर सांकेतिक करून दिले होते. पण नंबरांची ठेवण ठरलेली, शक्य तेवढे सगळे नंबर त्याच सूत्रातून काढून काही तासांत मूळ नंबर परत मिळवता आले. त्याच्या आदल्या वर्षी, १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवरून संशोधकांनी दाखवलं होतं की वेळ आणि ठिकाण असे चार ठिपके पुरतात, १००पैकी ९५ माणसं एकमेवपणे ओळखता येतात. हे नुसतं सांगितलं की मुलं लिहून घेतात आणि विसरतात. म्हणून मी माझाच एका आठवड्याचा माग नाव काढून देते आणि ही बाई कोण ते शोधा म्हणते. घर नौपाड्यात सापडायला पाच मिनिटं लागतात, कॉलेज त्याहून लवकर. गेल्या वर्षी एका मुलीने हात वर केला, "मॅडम, ही व्यक्ती मंगळवारी आणि शनिवारी सकाळी पाऊण तास मामलेदार मिसळपाशी असते." डॉक्टरांनी मला तेलकट बंद करून वर्ष झालं होतं आणि घरी मी त्या वेळेला चालायला जाते असं सांगितलेलं. वर्ग हसला, पण त्यानंतर घराभोवतीचे ठिपके छाटल्याशिवाय एकानेही नकाशा दाखवला नाही. मुलांचे स्वतःचे माग मात्र मागू नका. गाईडच्या ओळखीतले शिक्षक मागतात म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांना जड जातं, आणि ती काही खरी संमती नव्हे. २०२३चा वैयक्तिक डेटाचा कायदा छापून ठेवा, एक तास पुरतो.

बाकीचं भराभर. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस आणि प्रोग्रामिंगची भाषा पायथन आठवडाभर आधी घरूनच बसवून यायला सांगा, आणि बसलंय याचा स्क्रीनशॉट मागा, "हो मॅडम"वर विश्वास नको. सगळ्या फाइली चार पेनड्राइव्हवर ठेवा, वीस जण एकदम उतरवायला लागले की सभागृहाचं वायफाय मान टाकतं. एक्स्टेन्शन बोर्ड आपले न्या. महावितरणचा देखभालीचा दिवस विचारून घ्या. जेवण साधं, दुपारी पुलाव ठेवला की तीननंतर कुणी जागं नसतं. प्रमाणपत्रांवरची नावं आधी एकदा मुलांकडून वाचून घ्या.

शेवटच्या दिवशी सादरीकरणाबरोबर प्रत्येकाकडून एक पान हाताने लिहून घ्या : माझ्या डेटात कोण नाही. पायी जाणारे, साधा फोन वापरणाऱ्या घरकामाच्या बायका, आईच्या कडेवरची पोरं, आणि तो दांडीला लटकलेला. हे पान मी गाईडनाही पाठवते. दोघांनी उलट विचारलं, हे प्रबंधात कुठल्या प्रकरणात घालायचं. पहिल्या, असं कळवलं.

आणि पॅडं मोजून परत घ्या. मागच्या खेपेला वीस दिली होती, सतरा आली.