मोरचुदातला 'जे' न्यूट्रॉनने कसा मोजायचा

जळगाव-धुळ्याकडे मोरचूद म्हटलं की चुना कालवायचा, बोर्डो करायचं, लिंबाच्या बागेत मारायचं न विषय संपला. पण हेच कॉपर सल्फेट पुरेसं थंड केलं की क्वांटम मॅग्नेट राहतं भाऊ. त्यातल्या अर्ध्या तांब्याच्या अणूंच्या स्पिनच्या (स्पिन म्हणजे अणूतलं इवलंसं चुंबक समजा) साखळ्या होतात, बाकीचे अर्धे जवळजवळ सुटेच. साखळीतल्या शेजारी स्पिनचा एकमेकांवर जोर किती, तो आकडा म्हणजे 'जे'. न्यूट्रॉनला चार्ज नाही पण स्पिन आहे, म्हणून तो आत घुसून स्पिनला धक्का देतो, न बाहेर पडताना त्याची एनर्जी किती घटली न दिशा किती वळली त्यावरून हिशोब लागतो.

आधी स्फटिक. शेतीच्या दुकानातलं मोरचूद नको, लॅबचं शुद्ध घ्या. त्यात पाणी राहतं न पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन चहूकडे उधळतो, सिग्नल त्या बॅकग्राउंडमध्ये बुडतो. म्हणून २५० अंशांच्या आसपास तापवून पाणी उडवा, पांढरी पूड झाली की जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं पाणी) विरघळवा, परत वाळवा, परत विरघळवा, मग झाकण घट्ट लावून हळूहळू स्फटिक वाढू द्या. उघडं ठेवलं तर हवेतली वाफ ड्युटेरियमच्या जागी हायड्रोजन आणून बसवते, न आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर स्फटिकच वरून पांढरट पडायला लागतो. माल ग्रॅममध्ये पाहिजे, मिलिग्रॅममध्ये भागत नाही.

होल्डर अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू कॅडमियमने झाका, डिंक कमीत कमी (त्यातही हायड्रोजन आहेच).

आता थंडी. 'जे' इथे ०.२५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जेमतेम ३ केल्विन, त्यामुळे ४.२ केल्विनच्या लिक्विड हेलियमवर काम होत नाही, डायल्यूशन फ्रिज (त्याहून कितीतरी थंड करणारं हेलियमचंच यंत्र) लावून ०.१ केल्विनच्या आसपास जावं लागतं. न्यूट्रॉनही कोल्ड म्हणजे कमी एनर्जीचे पाहिजेत, थर्मल न्यूट्रॉनची एनर्जीच २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात, त्यात एवढा बारीक फरक कुठून दिसणार. ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअ‍ॅक्टरवर स्ट्रक्चर वगैरे बघून घ्या, युनिव्हर्सिटीवाल्यांना यूजीसी-डीएई सीएसआर या संस्थेमार्फत प्रपोजल टाकता येतं, पण हे माप फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या न्यूट्रॉन केंद्रासारख्या ठिकाणचं. २०१३ मध्ये छापून आलेलं मोरचुदाचं काम तिथलंच आहे.

खरी गंमत पुढे. मॅग्नेटिक फील्ड न लावता मोजलं तर एनर्जीच्या आलेखात एकच बारीक रेघ मिळत नाही, एक स्पिन उलटला की त्याचे दोन स्पिनॉन (अर्ध्या-अर्ध्या वाट्याचे तुकडे) होतात न डाग पसरट दिसतो, त्याच्यावर साधी स्पिन-वेव्ह थिअरी (स्पिनचं डोलणं म्हणजे लाट, असं धरणारा हिशोब) बसवली की 'जे' दीडपटीहून जास्त फुगतो. म्हणून ५ टेस्ला फील्ड लावा. सगळे स्पिन एका दिशेला उभे राहतात, मग मॅग्नॉनची (स्पिनच्या त्या लाटेची) स्वच्छ रेघ मिळते न तिथे स्पिन-वेव्ह थिअरी तंतोतंत खरी ठरते. साखळीच्या दिशेने क्यू (न्यूट्रॉन वळताना नमुन्याला देतो तो मोमेंटम) बदलत स्कॅन घ्या, रेघेचं वरचं टोक वजा खालचं टोक बरोबर दोन 'जे', फील्डचा आकडा वजाबाकीतच उडतो. सुट्या अणूंची एक सपाट रेघ मधे येऊ शकते, तिला साखळीची समजू नका. न क्यू वाढवल्यावर सिग्नल वाढत असेल तर तो फोनॉन (अणूंच्या थरथरीचा), मॅग्नेटिक सिग्नल कमी होत जातो.

मग फील्ड बंद करून ताळा घ्या: तोच 'जे' धरला तर पसाऱ्याची खालची कड जास्तीत जास्त ०.४० पर्यंत चढायला पाहिजे न वरची ०.७९ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत.