लंडनला निघण्याआधी, बेळगावातून

तिकीट हातात पडल्या पडल्या बाबांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. मुंबईहून दुपारी दीडला विमान, लंडनला संध्याकाळी सहाला. झाले साडेचार तास! आई भाकरी थापता थापता म्हणाली, "साडेचार तासांत आपली येष्टी सातारा गाठत नाही ओ, आणि हे लंडनला पोचतंय?"

आईचंच बरोबर. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. म्हणून आधी सुटायची आणि पोचायची वेळ, दोन्ही आपल्या घड्याळात लिहून काढा. आमचं विमान हिवाळ्यातलं, म्हणून साडेचारात साडेपाच मिळवून दहा तास निघाले. औषधांच्या वेळाही मग याच कागदावर बसवता येतात. बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना तो कागद दाखवूनच विचारा.

मुंबई-लंडन अंतर 7,200 किलोमीटरच्या आसपास, पण ते पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर. ताशी 900 नं भागून आठ तास येतात, त्यावर विसंबू नका. जाताना वरचे वारे समोरून असतात, वाटही कधी वाकडी करावी लागते: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. परतताना तेच वारे पाठीशी, त्यामुळे तासभर वाचतो.

खरा प्रवास जमिनीवरचा. बेळगाव ते मुंबई जेमतेम 500 किलोमीटर, पण रात्रीच्या बसला दहा-अकरा तास. म्हणजे लंडनइतकीच मुंबई लांब! विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, तिथून उलटं मोजत घरातून निघायची वेळ काढा. पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही, सरळ आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं मुंबई गाठणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं रखडलं, तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्या एका पाहुण्यांचं असंच झालं, तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच.

कागदांत आपल्याकडची एक भानगड असते. जुन्या पासपोर्टवर बेळगाव, आधारवर बेळगावी, कारण गावाचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं. त्यानं घाबरू नका. माणसाचं नाव मात्र तपासा: एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असं आमच्या घरात तिघांचं निघालं. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं, अक्षर न् अक्षर.

औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. सुरक्षा तपासणीतून 100 मिलिलिटरहून मोठी बाटली जात नाही. लोणचं नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका. विमानात पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाय सुजतात.

आणि कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईला हे पटवायला दोन दिवस लागले. चकल्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र बॅगेत गेली. कुंद्याचा डबा बस सुटायच्या आधी आम्हीच स्टँडवर संपवला.