पावसाळ्याआधी छपराचे स्क्रू तपासा: पातळ पत्र्यासाठी स्टेनलेस सेल्फ टॅपिंग स्क्रू

पाऊस तोंडावर आला की गोठा, गोदाम, पंपघर यांच्या छपरांची डागडुजी निघते. पत्रा नवा आणला जातो आणि स्क्रू मात्र जुन्या डब्यातले लागतात. छप्पर गळतं, वाऱ्यात फडफडतं, ते बहुतेक वेळा स्क्रूच्या जागीच. अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर स्क्रूची पकड असते ती एखाद-दुसऱ्या आट्याची. तेवढे आटे शाबूत राहिले पाहिजेत.

आधी स्टील बघा. गोठ्यात शेणमुताच्या वाफेतला अमोनिया आणि सततची ओल जस्ताचा मुलामा लवकर खातात. अशा जागी ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू घ्या. खारं वारं असेल, किंवा म्युरेट ऑफ पोटॅशसारखी क्लोराइडयुक्त खतं साठवायची असतील, तर ३१६ घ्यावा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून क्लोराइडपुढे तो जास्त टिकतो. ४१० ग्रेडही स्टेनलेसच, कडक आणि मजबूत. पण गंजाला या दोघांपेक्षा लवकर बळी पडतो. कोरड्या, आतल्या कामाला चालेल, गोठ्यात मी तो सुचवणार नाही. पारख करायला लोहचुंबक लावून बघा. ४१० घट्ट चिकटतो. ३०४ आणि ३१६ जवळपास चिकटत नाहीत, फार तर हलकी ओढ जाणवते. चुंबक न चिकटल्याने ३०४ आणि ३१६ मधला फरक मात्र कळत नाही, त्यासाठी डब्यावरचा ग्रेड वाचावा लागतो.

सेल्फ टॅपिंग आणि सेल्फ ड्रिलिंग यांत गल्लत करू नका. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू टोकानेच भोकही पाडतो. सेल्फ टॅपिंग स्क्रू फक्त आटे स्वतः पाडतो, भोक आपण पाडून द्यायचं. ३०४ चं स्टील नरम असल्यामुळे भोक न पाडता तो लोखंडी पत्र्यावर दाबला तर टोक बोथट होतं, नाहीतर मानेतून तुटतो. ४.२ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी पातळ पत्र्यात साधारण ३ ते ३.२ मिलिमीटरचं भोक ठेवा. मोठं भोक पडलं की आट्यांना धरायला काही उरत नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर एक स्क्रू लावून बघा, मगच छपरावर चढा. दोन पत्रे जोडताना वरच्या पत्र्यातलं भोक स्क्रू सैल जाईल एवढं मोठं ठेवायचं. आटे फक्त खालच्यात बसले तरच दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळले जातात.

डोकं रुंद, खालून सपाट असलेलं घ्या. पत्र्यात बुडवायच्या चपट्या डोक्याला पातळ पत्र्यात खोलीच मिळत नाही. छपरावर डोक्याखाली ईपीडीएम रबराचा वॉशर हवाच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आवळताना. ड्रिल मशीनचा वेग कमी ठेवा, क्लच (ठरावीक जोर आला की फिरणं थांबवणारी आकड्यांची कडी) हलक्या आकड्यावर ठेवा आणि शेवटचा फेरा शक्यतो हाताने द्या. वॉशरकडे बघत राहा: रबर डोक्याच्या कडेबाहेर किंचित फुगलं की थांबा. ते चेपून बाहेर पसरलं, चिरलं, किंवा भोवतीचा पत्रा खळगा पडून वाकला, तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे. पाणी त्याच खळग्यात साचणार. स्क्रू पुढे न सरता नुसता फिरायला लागला तर आटे गेले समजा. तिथे एक नंबर मोठा स्क्रू लावा, किंवा आतून जाड पट्टी देऊन तिच्यात नवा बसवा. भोकात सिलिकॉन भरल्याने पकड परत येत नाही.

ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी नरम ब्रशने झाडून टाका. एका रात्रीच्या दवानेही तो गंजतो, आणि डाग पत्र्यावर बसतो. स्टेनलेस डोकं साफ करायला लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण चिकटून तिथेच गंज धरतो.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टेनलेस स्क्रू सहसा चालतो, कारण स्क्रू लहान आणि पत्रा मोठा. खाऱ्या हवेत मात्र स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम झिजतं. तिथे वॉशरशिवाय एकही स्क्रू नको. उलट जोडी, म्हणजे स्टेनलेस पत्र्याला जस्ताच्या मुलाम्याचा स्क्रू, टाळाच. तो फार लवकर गंजतो.

पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याला भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं, कारण तो उन्हात बराच प्रसरण पावतो. घट्ट भोकाला तडा जातो.

जुना स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात लावताना तो आधी हाताने उलटा फिरवा. आटा जुन्या खाचेत पडला की बोटांना हलका खटका जाणवतो, तिथून सुलटा आवळा. नाहीतर नवे आटे जुन्यांना कापत जातात आणि दोन्ही वाया जातात. छपराच्या कडा आणि पाखीच्या टोकाला वारा सर्वात जास्त उचलतो. तिथले स्क्रू एकमेकांच्या जवळ घ्या आणि पहिल्या वादळी पावसानंतर वर जाऊन तेवढे तरी तपासा.